आधी एक वाक्य, मग पीपीटी

जानेवारी लागला की आमच्या प्राणिशास्त्र विभागात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचे सेमिनार सुरू होतात. 10 मिनिटं बोलायचं, 5 मिनिटं प्रश्नोत्तरं. त्याच सुमाराला कुणी विज्ञान निबंध स्पर्धेसाठी लिहीत असतं, कुणी 'आविष्कार' या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेची तयारी करत असतं. कोकणातल्या एका कॉलेजात मी 22 वर्षं शिकवतेय. मुलं पहिल्यांदा दाखवायला येतात तेव्हा पेन ड्राइव्हमध्ये 30-32 स्लाइड तयार असतात. मी पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवायला सांगते आणि विचारते, "एका वाक्यात सांग, तुला काय सापडलं?"

गेल्या वर्षी एका मुलीनं खाडीतल्या खेकड्यांवर प्रोजेक्ट केला होता. एक नांगी मोठी आणि एक अगदी बारकी असलेले ते छोटे खेकडे, ओहोटी लागली की चिखलावर बाहेर येतात ते. 1 मीटर बाय 1 मीटरची चौकट टाकून आतली बिळं मोजायची. जागा 2, प्रत्येक जागी 25 चौकटी, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. मी विचारलं, "काय सापडलं?" ती म्हणाली, "मॅडम, माझा विषय खेकड्यांच्या बिळांची घनता." "हा विषय झाला. सापडलं काय?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बंधाऱ्याच्या आतल्या अंगाला पाणी साचून राहतं ना, तिथं बिळं कमी आहेत."

"हे वहीच्या पहिल्या पानावर लिही. आत्ता."

त्या एका वाक्यानं तिचं निम्मं काम केलं. खेकड्यांच्या वर्गीकरणाच्या 6 स्लाइड होत्या, त्या गेल्या. कांदळवनाचं महत्त्व सांगणाऱ्या 4 होत्या, त्यांतली एक राहिली. बंधारा नेमका कुठं आहे हे दाखवणारा नकाशा मात्र तिच्याकडे नव्हताच. तो तिनं हातानं काढला आणि मोबाइलवर फोटो काढून स्लाइडवर टाकला. 32 च्या 9 झाल्या.

तुमचं वाक्य लिहिता येत नसेल तर पीपीटी उघडू नका. त्या वाक्यात क्रियापद हवं आणि कुणीतरी "हे खरं कशावरून?" असं विचारू शकेल अशी त्यात धमक हवी. "जलप्रदूषण आणि त्याचे परिणाम" यावर कुणी काय विचारणार?

लहानपणी आमच्या गावच्या देवळात सप्ताहाला कीर्तन असायचं. बुवा पूर्वरंगात एक अभंग घ्यायचे, त्याचं निरूपण करायचे, उत्तररंगात आख्यान लावायचे. आख्यान कितीही रंगलं तरी शेवटी गाडी त्याच अभंगावर यायची, आणि घरी जाताना आजी तोच अभंग गुणगुणत असायची. सेमिनारची बांधणी मी मुलांना अशीच सांगते. तुमचं ते एक वाक्य म्हणजे अभंग. पद्धत, आकडे, फोटो हे सगळं त्याच्यासाठी आहे. मध्ये दोनदा तरी त्यावर परत या, कारण मागच्या बाकावरचा माणूस चौथ्या मिनिटाला खिडकीबाहेर बघत होता आणि आता परत आलाय. त्याला आत यायला दार उघडं पाहिजे.

सुरुवातीबद्दल थोडं. आपल्याकडची बहुतेक मुलं शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेतून आलेली असतात. "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग..." हे रक्तात असतं. त्या स्पर्धांनी धीटपणा दिला, आवाज दिला, त्याची मला किंमत आहे. पण तिथं भाषण पाठ करायची सवय लागते, आणि पाठ केलेल्या सेमिनारमध्ये एक शब्द निसटला की पुढचं सगळं कोसळतं. इंग्रजीतून बोलायचं असेल तर जास्तच. म्हणून पहिली 3 वाक्यं आणि शेवटचं एक, एवढंच पाठ करा. मधलं समजून बोला. नमस्कार, नाव, विषय, इतकं पुरे. "मी आज प्रस्तावना, उद्दिष्टं, साहित्य आणि पद्धती असं सांगणार आहे" ही स्लाइड काढून टाका. सगळ्यांचे सेमिनार त्याच क्रमानं असतात, ऐकणाऱ्याला ते ठाऊक आहे. त्या मुलीनं सुरुवात केली ती अशी: "या फोटोत डावीकडे आणि उजवीकडे एकाच खाडीचा चिखल आहे. डावीकडे बिळंच बिळं आहेत, उजवीकडे जवळजवळ नाहीत. मध्ये फक्त एक बंधारा आहे." शेवटच्या बाकापर्यंत सगळे फोटो बघायला पुढं वाकले.

दुसऱ्याचा शोधनिबंध वाचून सेमिनार द्यायचा असतो तेव्हाही हेच करा. मी वर्गात सी. व्ही. रामन यांचं उदाहरण देते. 1921 साली इंग्लंडहून बोटीनं परत येताना भूमध्य समुद्राची निळाई बघून त्यांना प्रश्न पडला. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचं म्हणणं होतं की समुद्राचा निळा रंग म्हणजे आभाळाचं प्रतिबिंब. रामन यांनी निकोल प्रिझममधून पाण्याकडे पाहिलं. पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश त्यातून अडवता येतो. तो अडवल्यावरही निळाई गेली नाही. म्हणजे पाणी स्वतःच प्रकाश विखुरतं. बोट मुंबई बंदराला लागली तेव्हा तिथूनच त्यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाला पत्र धाडलं. आता यात काय काय आहे बघा: एक प्रश्न, आधीचं उत्तर, ते खोटं ठरू शकेल अशी एक तपासणी, आणि तिचा निकाल. कुठलाही शोधनिबंध हातात घेतला की या 4 गोष्टी पेन्सिलीनं समासात खुणा करून शोधा. त्या सापडल्या की सेमिनार तयार आहे. सापडत नसतील तर बहुतेक वेळा तुम्ही फक्त सारांश वाचलेला असतो.

आता आलेख. इथं मी मुलांना सगळ्यात जास्त वेळ थांबवते, कारण इथंच ऐकणारे सुटतात. ती मुलगी सरावाला उभी राहिली, आलेखाची स्लाइड आली आणि ती म्हणाली, "या ग्राफवरून असं दिसून येतं की..." मी म्हटलं, थांब. मला अजून काहीच दिसलेलं नाही. मी खडू घेऊन फळ्यावर तोच आलेख काढला. आधी आडवा अक्ष: बंधाऱ्यापासूनचं अंतर, मीटरमध्ये. मग उभा: एका चौकटीत किती बिळं. मग एकच ठिपका काढला आणि म्हटलं, "ही तुझी एक चौकट. बंधाऱ्यापासून इतक्या अंतरावर, इतकी बिळं. बाकीचे ठिपके म्हणजे बाकीच्या चौकटी." एवढं झाल्यावरच सगळे ठिपके. तिनं आलेखाच्या 3 स्लाइड केल्या: मोकळे अक्ष, मग एक ठिपका, मग सगळे. वेळ गेला 40 सेकंद. त्या 40 सेकंदांत बोट, काठी किंवा लेझर त्या ठिपक्यावर स्थिर ठेवायचा, स्लाइडभर गरगर फिरवायचा नाही. चौकटी किती हे तोंडानं सांगायचं. स्तंभांवर त्रुटीदर्शक रेघा असतील तर त्या कशाच्या आहेत, प्रमाण विचलनाच्या (आकडे किती पसरलेत) की प्रमाण त्रुटीच्या (सरासरी किती नेमकी आहे), हे सांगायचं. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, विचारतातच.

स्लाइडचा मथळा म्हणजे एक वाक्य असू द्या. "निष्कर्ष 1" असं न लिहिता "पाणी साचतं तिथं बिळं कमी" असं लिहा. मजकूर 24 पॉइंटच्या खाली नको. वर्गातल्या शेवटच्या बाकावर जाऊन स्वतः वाचून बघा. प्रोजेक्टरवर पिवळा रंग उडतो. लाल-हिरवी जोडी टाळा, काहींना ते दोन रंग वेगळे दिसत नाहीत.

मराठीत स्लाइड करणाऱ्यांसाठी एक गोष्ट जरा जोर देऊन सांगते, कारण यामुळे मुलांना रडताना पाहिलंय. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की कचरा होतो, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. डीटीपीवाल्याकडून करून आणलेल्या फाइलचं हमखास असं होतं. युनिकोडमध्येच टाइप करा, पीपीटीबरोबर पीडीएफही ठेवा आणि आदल्या दिवशी त्याच हॉलमधल्या त्याच मशीनवर उघडून बघा.

सराव उभं राहून, मोठ्यानं, घड्याळ लावून. मनातल्या मनात 10 मिनिटांचं वाटणारं बोलणं तोंडानं 14 मिनिटांचं होतं. माझ्या पहिल्या परिषदेत मी वेळ मोजलीच नव्हती. पद्धत सांगण्यात सगळी मिनिटं गेली, अध्यक्षांनी घंटा वाजवली, आणि 2 वर्षांच्या कामाचा निकाल सांगायच्या आतच मला खाली बसावं लागलं. ते मला अजून लागतं. तेव्हापासून मुलांना सांगते: 9 मिनिटांत संपवा, आणि मुख्य निकाल पाचव्या मिनिटाच्या आत येऊ द्या. मग घंटा कधीही वाजो. पुढे मोठा शास्त्रज्ञ झालेला मायकेल फॅरेडे 21 वर्षांचा असताना, 1813 साली, मित्राला पत्रांमधून व्याख्यान कसं असावं ते कळवत होता. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत साध्या मदतनिसाच्या कामाला लागून त्याला काही महिनेच झाले होते. इतरांची व्याख्यानं बघून तो टिपणं काढायचा: दिवे कुठं आहेत, हवा खेळती आहे का, वक्ता श्रोत्यांकडे बघतो की कागदाकडे. एक तास कुणालाही पुरे, असं त्याचं मत होतं. तुम्हीही मित्रांचे सेमिनार असे बघा. कुठल्या क्षणी आपलं लक्ष उडालं तेवढंच वहीत लिहा.

सराव आधी मराठीतून करा, सेमिनार इंग्रजीत असला तरी. होस्टेलच्या खोलीतल्या, दुसऱ्या विषयाच्या मैत्रिणीला समजावून सांगा. जे मराठीत सांगता येत नाही ते तुम्हाला कळलेलं नाही, ते इंग्रजी शब्दांखाली झाकलेलं असतं. मग इंग्रजी वाक्यं लहान करा. एका वाक्यात एकच गोष्ट.

प्रश्नोत्तरांना मुलं घाबरतात. प्रश्न आला की आधी तो आपल्या शब्दांत परत म्हणा. सगळ्यांना ऐकू जातो आणि तुम्हाला 5 सेकंद मिळतात. "माहीत नाही" आणि "मी मोजलं नाही" यात फरक आहे. एक्स्टर्नलनी त्या मुलीला विचारलं, "साचलेल्या पाण्याची क्षारता, म्हणजे खारेपणा, किती होता?" ती म्हणाली, "सर, क्षारता मी मोजलेली नाही. त्यामुळे बिळं कमी असण्याचं कारण साचलेलं पाणी की त्याची क्षारता, हे माझ्या आकड्यांवरून सांगता येणार नाही. दोन्ही जागी भरती-ओहोटीला क्षारता मोजली तर कळेल." सरांनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. कामाच्या मर्यादा तिला कामाइतक्याच नीट ठाऊक होत्या, आणि माझ्या दृष्टीनं त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं उत्तर तेच होतं.

निबंधाकडे येते. सुरुवात तीच, एक प्रश्न आणि एक वाक्य. मागे एका मुलानं लोणार सरोवरावर लिहायला घेतलं. पहिलं वाक्य होतं, "आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे." हे वाक्य सगळ्यांनी सातवीत लिहिलंय, मीही लिहिलंय. ते खोडा. दुसऱ्या परिच्छेदात उल्कापात, तिसऱ्यात मंदिरं, चौथ्यात पर्यटन. विषय लोणार होता, प्रश्न नव्हताच. बसून बोलल्यावर प्रश्न निघाला: 2020 च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी का झालं? आता निबंधाला कणा आला. उल्कापातानं झालेलं सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर त्यात येतं, पण पाणी खारं आणि अल्कधर्मी का हे सांगण्यापुरतं. मंदिरं बाहेर राहिली. मंदिरं सुंदर आहेत, त्यांच्यावर वेगळा निबंध लिहावा.

वाचताना वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे लेखक काय म्हणतो ते, पान क्रमांकासह. उजवीकडे तुम्हाला काय वाटलं, कुठं शंका आली ते. लिहायला बसाल तेव्हा मूळ लेख बंद करा आणि उजव्या रकान्यावरून लिहा. उचलेगिरी बहुतेक वेळा चोरीच्या इच्छेनं होत नाही, लेख समोर उघडा ठेवून लिहिल्यानं होते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही, म्हणून मुलं शब्द बदलून बदलून आकडा खाली आणत बसतात. त्याच वेळात ते वाक्य समजून घेतलं असतं तर आपोआप वेगळं उतरलं असतं. आणि एआयनं सुचवलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहा. नसलेले शोधनिबंध, खऱ्यासारख्या नावांचे, माझ्या टेबलावर येऊन गेलेत.

शब्दांची एक अडचण खास मराठीत आहे. त्या मुलानं सगळीकडे "क्षारता" लिहिलं होतं, कधी खारेपणा या अर्थी, कधी अल्कधर्मीपणा या अर्थी. शाळेच्या पुस्तकात आम्ल, आम्लारी, क्षार असे 3 वेगळे शब्द शिकवलेले असतात. पाण्यात विरघळणारी आम्लारी म्हणजे अल्क, आणि क्षार म्हणजे मीठ. लोणारच्या पाण्यात दोन्ही गोष्टी आहेत, मीठही आणि अल्कही. त्यामुळे हा घोळ झाला की अख्खं स्पष्टीकरण कोसळतं. संज्ञा पहिल्यांदा आली की एका वाक्यात अर्थ सांगा आणि शेवटपर्यंत तोच शब्द ठेवा. शाळेत "एकच शब्द परत परत वापरू नका" शिकवलेलं असतं. विज्ञानाच्या निबंधात तो नियम विसरा. तसंच, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला लोणारच्या नमुन्यांत सापडले ते हॅलोआर्किया, खाऱ्या पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य असलेले सूक्ष्मजीव. त्यानं "जिवाणू" लिहिलं होतं. कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स या शास्त्रज्ञांनी 1977 सालीच आर्किया हा जिवाणूंपासून वेगळा गट आहे हे दाखवलंय. अशा जागी शब्द सोपा करायच्या नादात चुकीचा करू नका.

वाक्यरचनेत "करण्यात आले", "घेण्यात आले", "दिसून येते", "च्या माध्यमातून" हे सगळं लाल शाईनं अधोरेखित करा आणि किती कापता येतं बघा. "नमुन्यांचे विश्लेषण करण्यात आले असता सूक्ष्मजीवांचे अस्तित्व दिसून आले." कुणी विश्लेषण केलं? "आघारकर संस्थेच्या संशोधकांनी नमुने तपासले. त्यांत हॅलोआर्किया सापडले." 2 लहान वाक्यं, आणि कर्ता जागेवर. खात्री किती आहे ते मात्र क्रियापदातच ठेवा. "सिद्ध झालं", "आढळलं" आणि "असं असावं" ही तीन वेगळी वजनं आहेत, ती अदलाबदल करून वापरू नका.

परिच्छेदाची एक साधी तपासणी आहे. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात एका ओळीत लिहा, यानं प्रश्नाचं उत्तर किती पुढं सरकलं. लिहिता येत नसेल तर परिच्छेद काढा. पर्यायी स्पष्टीकरणाला स्वतंत्र जागा द्या. लोणारच्या बाबतीत सुरुवातीला शेवाळामुळे रंग आला असेल असंही बोललं जात होतं. ते न सांगता थेट उत्तर दिलं की वाचकाला शोधाची गंमतच कळत नाही, उत्तर आकाशातून पडल्यासारखं वाटतं. आणि शेवटी "म्हणून आपण सर्वांनी निसर्गाचे रक्षण केले पाहिजे" असं लिहू नका. प्रश्नाचा जो भाग अजून उरलाय तो लिहा.

झालेला निबंध विषयाबाहेरच्या एका माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा. या मुलानं आईला वाचून दाखवला, ती अंगणवाडीत काम करते. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग पाऊस पडल्यावर रंग गेला म्हणतोस, तो गेला कुठं?" त्याच्या निबंधात याचं उत्तर नव्हतं. डाव्या रकान्यात मात्र होतं, त्यानं टिपून ठेवलेलं: संशोधकांनी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत न हलवता ठेवला तेव्हा त्यातले सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला नव्हता, त्या जिवांच्या अंगात होता. त्यानं दुसऱ्या दिवशी हा परिच्छेद शेवटून दुसरा म्हणून घातला, "आईनं विचारलं" असं लिहूनच, आणि दुपारी दोनला प्रिंट काढून माझ्या टेबलावर ठेवली.